रॅपला सरावलेले कान आणि खंजिरी भजनाचे मिक्सिंग

अंबाझरी (धागाकर्ता)

नमस्कार. मी नागपुरात घरातल्याच एका खोलीत मिक्सिंगचे (वेगवेगळे मुद्रित झालेले ट्रॅक जुळवून एक गाणे करण्याचे) काम करतो आणि आजवर माझ्याकडे आलेली जवळजवळ सगळी गाणी रॅप, ट्रॅप किंवा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत यांपैकी कोणत्या तरी प्रकारातली होती. त्या संगीताचा सांगाडा मला पाठ आहे. तळाशी रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ताल-यंत्रापासून चालत आलेला लांब घुमणारा किक (मोठ्या ढोलाचा ठोका) असतो, त्यावर स्नेअर (कडक ढोल) किंवा टाळी, त्यावर हाय-हॅट (झांजांची बारीक चिकचिक), आणि या सर्वांच्या पुढे माइकला जवळजवळ चिकटून मुद्रित केलेला कोरडा आवाज. प्रत्येक ध्वनी स्वतंत्र मुद्रित झालेला असतो आणि गती क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर, बांधलेली असते, त्यामुळे कोणत्याही एका ट्रॅकशी काहीही केले तरी शेजारच्या ट्रॅकला त्याचा पत्ता लागत नाही.

आता उमरेड रस्त्यावरच्या एका गावातील भजनी मंडळाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने माझ्याकडे मिक्सिंगसाठी दिली आहेत. हे संगीत मी लहानपणापासून ऐकत आलो असलो तरी कामाच्या कानांनी ते कधीच ऐकलेले नाही. मुद्रण मंदिराच्या सभामंडपात, सर्वांना एकत्र बसवून, क्लिकशिवाय झाले आहे. एकूण आठ ट्रॅक आहेत: बुवांचा आवाज, बुवांच्याच हातातली खंजिरी (पडद्याचे छोटे वाद्य, कडेला झांजा), हार्मोनियम, तबला, डग्गा, मागे म्हणणाऱ्यांसाठी समाईक एक माइक, आणि सभामंडपाचा एकूण आवाज टिपणारी दोन माइकांची जोडी.

माझी अडचण अशी की सर्व सवयी येथे उलट्या पडत आहेत. वर्णपट दाखवणारे सॉफ्टवेअर ८० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच नाही असे दाखवते आणि तळ भरण्याचा सल्ला देते. पण तेथे भरण्यासारखे वाद्यच नाही. प्रत्येक माइकमध्ये बाकीची सर्व वाद्ये शिरलेली आहेत. लय सुरुवातीला सावकाश असते आणि शेवटाकडे इतकी चढते की टेम्पोशी जुळवलेला डिले (प्रतिध्वनी) लावायचा म्हटला तर तो कोणत्या ठोक्याशी जुळवायचा हेच कळत नाही.

मुख्य प्रश्न खंजिरीचा आहे. माझ्या कानाला ती आताच जास्त वाटते, कारण तिच्या झांजा शब्दांवर चढतात. बुवांना मात्र ती कमी वाटते आणि प्रत्येक वेळी ते नम्रपणे पण ठामपणे खंजिरी वाढवण्यास सांगतात. रॅपमध्ये मी अशा वाद्याला हाय-हॅटच्या जागी, म्हणजे आवाजाच्या बरेच खाली ठेवले असते. ज्यांनी अनोळखी प्रकारातले गाणे मिक्स केले आहे त्यांनी, आणि ज्यांनी भजन मुद्रित केले आहे त्यांनी तर अवश्य, आपला विचार सांगावा.

इतवारीकर

मी बरीच वर्षे कीर्तन आणि भजनाचे ध्वनिमुद्रण करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, खंजिरीला हाय-हॅटची जागा देणे सोडा. या भजनात गाणारा आणि खंजिरी वाजवणारा एकच असतो. शब्दाला जोर कोठे द्यायचा, ओळ कोठे तोडायची, मागच्यांनी ध्रुवपद कोठे उचलायचे, हे सर्व तो त्या हाताने सांगत असतो. तबलजी खंजिरीकडे बघून लय वाढवतो. म्हणून आवाज आणि खंजिरी ही एकाच माणसाच्या गाण्याची दोन अंगे समजून त्या दोघांचे नाते आधी ठरवा आणि मगच हार्मोनियम व तबला आत आणा. तुमच्या मिक्समध्ये किक आणि ८०८ यांचे नाते जितके महत्त्वाचे असते, तितकेच हे महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खंजिरी बुवांच्या हातात असल्यामुळे ती त्यांच्या आवाजाच्या माइकमध्येही भरपूर आलेली असणार. समजा ती तिच्या स्वतःच्या माइकपासून १५ सेंटिमीटरवर आणि आवाजाच्या माइकपासून ४० सेंटिमीटरवर आहे, तर २५ सेंटिमीटरच्या या फरकामुळे तोच ठोका आवाजाच्या माइकमध्ये सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की ७०० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि त्याच्या तिपटीवर, पाचपटीवर पुढचे खड्डे पडतात. थापेचा भरीवपणा नेमका तेथेच जातो आणि वरच्या झांजा मात्र जशाच्या तशा राहतात. तुम्हाला खंजिरी जास्त आणि बुवांना कमी वाटण्याचे एक कारण हेच असू शकेल.

यावर उपाय म्हणून खंजिरीचा ट्रॅक तेवढा पुढे-मागे सरकवून पाहता येतो. परंतु बुवांचा हात हलत असतो, त्यामुळे हा हिशेब ओळीगणिक बदलतो आणि पूर्ण जुळणी कधीच होत नाही. मी अशा वेळी आवाजाच्या माइकमध्ये आलेली खंजिरी हीच मुख्य मानतो आणि खंजिरीचा स्वतंत्र ट्रॅक फक्त थापेची खालची बाजू देण्यापुरता, म्हणजे १ किलोहर्ट्झच्या वरचा भाग उतरवून, हळूच खाली मिसळतो. त्या ट्रॅकची ध्रुवता, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटी करूनही एकदा ऐकावे. जी बाजू भरीव वाटेल ती ठेवावी.

याच कारणाने आवाजावर डी-एसर ('स'-'श'ची शीळ दाबणारे साधन) लावताना फार जपावे लागते. डी-एसर ५ ते ८ किलोहर्ट्झमधली ऊर्जा पाहून दाबतो आणि झांजांची ऊर्जा नेमकी तेथेच असते. म्हणजे बुवांनी 'स' म्हटलेलाच नसतो, खंजिरी हललेली असते, आणि यंत्र मात्र शब्द दाबून मोकळे होते. जेथे खरोखर शीळ येते तेथे हाताने ऑटोमेशन करून (त्या जागेपुरता पातळीतला बदल लिहून) खाली घ्या. काम कंटाळवाणे आहे, पण एका भजनात अशा जागा फार नसतात.

आवाजावरच्या कॉम्प्रेसरचेही (मोठे आवाज दाबणाऱ्या साधनाचेही) तसेच. रॅपमध्ये तुम्ही १ ते ३ मिलिसेकंदांचा अ‍ॅटॅक (दाब सुरू होण्याचा वेळ) आणि चांगले ८ ते १० डेसिबल दाबणे सहज वापरत असाल. येथे तसे केले तर प्रत्येक थापेला आवाज आत ओढला जाईल आणि ओळींच्या मधल्या जागेत सभामंडप फुगून वर येईल. २:१ गुणोत्तर, २० ते ३० मिलिसेकंदांचा अ‍ॅटॅक, २-३ डेसिबलांपेक्षा जास्त दाब नाही, आणि बाकीचे काम फेडरने (पातळी वर-खाली करणाऱ्या सरकपट्टीने). याच्या पुढे मी जात नाही.

मिक्सची सुरुवात कोठून करायची याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सभामंडपाच्या जोडीपासून. इतर सहा ट्रॅक बंद करून फक्त ती जोडी ऐका. त्या अंतरावर बसलेल्या श्रोत्याला भजन जसे ऐकू आले असते तसा समतोल, थोडा धूसर का होईना, पण प्रामाणिकपणे त्या जोडीत आलेला असतो. त्यात जे अस्पष्ट आहे तेवढेच जवळच्या माइकांनी स्पष्ट करत जा. रॅपमध्ये तुम्ही किकपासून वर चढता; येथे खोलीपासून आत या.

संत्राबर्फी

एक छोटी शंका. दोन-तीन ठिकाणी बुवांचा स्वर हार्मोनियमपेक्षा किंचित उतरलेला असेल तर ऑटो-ट्यूनसारखे (स्वर आपोआप सुधारणारे) काही हलक्या हाताने वापरता येईल का? आजकाल भक्तिगीतांतही ते सर्रास ऐकू येते.

इतवारीकर

या मुद्रणात नको. १९९७ पासून मिळणारे ते साधन एका वेळी एकच स्वर असलेल्या स्वच्छ ट्रॅकसाठी बनवलेले आहे. येथे आवाजाच्या माइकमध्ये हार्मोनियमही आलेली आहे; आवाज सरकवला की तिचा शिरलेला अंशही सरकतो आणि हार्मोनियमच्या मूळ ट्रॅकबरोबर तो थरथरू लागतो. शिवाय हार्मोनियमच्या पट्ट्या नेमक्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापात असतीलच असेही नाही. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर स्वतःच्या मापाने सुधारायला गेले तर बुवा पेटीपासून आणखी दूर जातील. स्टुडिओत वेगळी गायलेली भक्तिगीते हा निराळा प्रकार आहे.

मेटलवाला_प्रतापनगर

माझा प्रवास धागाकर्त्याच्या उलट दिशेने झाला, म्हणून लिहावेसे वाटले. मी ऑर्केस्ट्रा आणि भावगीतांचे कार्यक्रम मुद्रित करत होतो आणि अभियांत्रिकीच्या मुलांच्या एका बँडने मला त्यांचे मेटल गाणे दिले. त्यात ज्या गोष्टी मला दोष वाटत होत्या, त्याच त्यांना हव्या होत्या.

सर्वांत ठळक उदाहरण किकचे आहे. त्यांना किकमध्ये ४ ते ५ किलोहर्ट्झला टकटक असा टोकदार आवाज हवा होता. किक एकटा ऐकला तर तो टंकलेखन यंत्रासारखा लागत होता आणि मी तो पुन्हा पुन्हा उतरवत होतो. मग मी गणित करून पाहिले. मिनिटाला २०० च्या गतीने दोन्ही पायांनी सोळाव्या मात्रा वाजवल्या तर सेकंदाला १३ पेक्षा जास्त ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत साधारण ७५ मिलिसेकंदांचे अंतर उरते. तेवढ्या वेळात ६० हर्ट्झच्या तळाची जेमतेम साडेचार आंदोलने होतात. एका ठोक्याची घुम संपण्याआधी पुढचा ठोका येतो आणि खाली सगळे एकमेकांत मिसळून जाते. कानाला ठोके मोजायचे असतील तर ते वरच्या टकटकीवरूनच मोजता येतात. ज्याला मी कर्कशपणा समजत होतो, तो त्या प्रकारात लय वाचण्याचा एकमेव मार्ग होता.

गिटारचेही तसेच निघाले. एकेक गिटार ऐकताना ती पातळ आणि नाकातून बोलल्यासारखी वाटे, कारण ८०-१०० हर्ट्झच्या खालचे सर्व कापलेले असे. पण एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे आणि खाली बास गिटार अशी मांडणी झाल्यावर ती भिंतीसारखी उभी राहिली. एकटा ट्रॅक ऐकून त्यावर निकाल देण्याची सवय अनोळखी प्रकारात सर्वांत जास्त फसवते, कारण तो ट्रॅक कशासोबत वाजणार आहे याची कल्पनाच आपल्याकडे नसते.

या अनुभवावरून धागाकर्त्याला एक प्रश्न विचारतो. शेवटी लय चढल्यावर खंजिरीची थाप स्पष्ट मोजता येते का, की तेव्हा झांजाच लय दाखवतात? याचे उत्तर मिळाल्याशिवाय झांजा उतरवू नयेत असे मला वाटते.

संदर्भगीतांबद्दलही एक गोष्ट. ज्या मुलांनी गाणे दिले त्यांच्याकडूनच मी ऐकायची गाणी मागून घेतली होती, स्वतः शोधली नव्हती. तुम्हीही मंडळाकडे मागा. ते बहुधा मोबाइलवर घेतलेले एखादे चित्रीकरण पाठवतील. ध्वनीचा दर्जा सामान्य असेल, पण काय पुढे आणि काय मागे हे त्यांच्या मनातले चित्र त्यात सापडेल. तुलना करताना दोन्हींची पातळी जुळवून घ्या, कारण एखादा डेसिबल जास्त असलेले गाणे कानाला उगाचच अधिक चांगले वाटते.

कोराडी_मार्ग

वरील प्रतिसाद वाचले आणि बहुतेक पटले, पण एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. सभामंडपात बसलेला श्रोता आणि कानात इअरफोन घालून बसमध्ये ऐकणारा श्रोता हे दोन वेगळे श्रोते आहेत. सभामंडपात झांजांची धार हवेत आणि अंतरात बरीच मऊ होते, समोर माणसांची गर्दी असते, आणि ऐकणारा भजनाच्या वातावरणात असतो. इअरफोनमध्ये तीच धार सरळ कानावर येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या समप्रबलता वक्रांपासून हे माहीत आहे की मानवी कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो आणि पातळी बदलली की त्याची खालच्या स्वरांबद्दलची संवेदना सर्वांत जास्त बदलते. मंद आवाजात ऐकणाऱ्याला डग्गा जवळजवळ ऐकू येणार नाही आणि खंजिरी मात्र पूर्ण ऐकू येईल. म्हणून बुवा म्हणतात तेवढी वाढवा, एवढ्यावर मी थांबणार नाही. मंडळाच्या म्हणण्याला मान द्यावा, पण ऐकणाऱ्याच्या कानांची काळजी मिक्स करणाऱ्यानेच घ्यायची असते.

मात्र 'खंजिरी' म्हणजे नेमके काय, हे दोघांना एकदा एकत्र बसून ठरवता येईल. खंजिरीत दोन वाद्ये आहेत: कातड्यावरची थाप, जिचा भरीव भाग साधारण २०० ते ८०० हर्ट्झमध्ये सापडतो, आणि झांजा, ज्यांची बहुतांश ऊर्जा ५ किलोहर्ट्झच्या वर असते. फेडर दोन्ही एकदम हलवतो. ईक्यूने, म्हणजे वारंवारतांचा ठरावीक पट्टा उचलून किंवा उतरवून, ती वेगळी करता येतात.

थापेवर ईक्यू करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ८०८ चा किक गाण्याच्या स्वरात मिळवण्याची रॅपमध्ये पद्धत आहे आणि तबलाही स्वरात मिळवलेला असतो. खंजिरीचे तसे नाही. साध्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडव्यातिडव्या पटींत येतात, त्यामुळे त्याला नेमका स्वर नसतो. तबल्याच्या शाईमुळे हेच उपस्वर पूर्णांकी पटींच्या जवळ येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले होते. विषय निघालाच आहे तर, हेच रामन त्याआधी १९१० च्या सुमारास अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. असो. सांगायचा मुद्दा असा की खंजिरीत एखादी वारंवारता शोधून ती गाण्याच्या षड्जाला जुळवण्याच्या खटपटीत पडू नका. अरुंद पट्टा उचलला तर वाद्य खोक्यासारखे वाजू लागेल. रुंद पट्टा, दोन-तीन डेसिबल, इतकेच.

गोरेवाडा_पूर्व

मुद्रण उन्हाळ्यात झाले आहे का? सभामंडपात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असेल तर त्याच्या ओलसर हवेने कातड्याची खंजिरी सैल पडते आणि तिची थाप एका भजनाकडून दुसऱ्या भजनाकडे उतरत जाते. वादक मधूनमधून ती तापवून घेतात. प्रत्येक भजनाला एकच ईक्यू चालेल असे गृहीत धरू नका, एवढेच सुचवायचे होते. कृत्रिम पडद्याची खंजिरी असेल तर हा प्रश्न येणार नाही.

अंबाझरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गोरेवाडा, मुद्रण मे महिन्यातलेच आहे आणि खंजिरी कातड्याची आहे. मुद्रण करणाऱ्याने गाणे सुरू असताना कूलर बंद ठेवला होता, पण मधल्या वेळेत तो चालू होता. शेवटच्या दोन भजनांत थाप स्पष्टपणे खाली आली आहे, ती मी वेगळी हाताळत आहे.

इतवारीकर यांच्या सांगण्याप्रमाणे सभामंडपाच्या जोडीपासून पुन्हा सुरुवात केली. फक्त त्या जोडीत झांजा मला अजिबात बोचल्या नाहीत आणि थाप मात्र माझ्या आधीच्या मिक्सपेक्षा कितीतरी पुढे होती. आवाजाचा माइक त्यात मिसळला तेव्हा शब्द स्पष्ट झाले, आणि खंजिरीचा स्वतंत्र ट्रॅक वरची बाजू उतरवून आणल्यावर थाप आणखी भरली. त्या ट्रॅकची ध्रुवता उलटी केल्यावर फरक इतका होता की मी तो ट्रॅक काही वेळ नुसताच चालू-बंद करत बसलो.

त्यानंतर कोराडी मार्ग यांचा सल्ला मानून बुवांसमोर एकाच भजनाची दोन रूपे ठेवली. पहिल्यात खंजिरी सरसकट ३ डेसिबलने वर होती. दुसऱ्यात थाप तेवढीच वर आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग खाली होता. पातळी दोन्हींची जुळवलेली होती आणि कोणते कोणते हे सांगितले नव्हते. बुवांनी पहिली तीन कडवी ऐकून लगेच दुसरे निवडले. मात्र शेवटच्या चढत्या भागाशी आल्यावर त्यांनी हात वर केला आणि येथे खंजिरी दबली असे सांगितले. तेथे त्यांना पहिले रूप हवे होते. म्हणजे प्रतापनगरच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: लय चढल्यावर थापा एकमेकींत मिसळतात आणि झांजाच लय धरून ठेवतात.

आता मी वरच्या पट्ट्यावर ऑटोमेशन लिहिले आहे. कडव्यांत झांजा खाली, ध्रुवपदाला किंचित वर, आणि शेवटच्या भागात लयीबरोबर हळूहळू पूर्ण वर. ही चढण कोठून सुरू करायची ते मी तबलजीच्या डग्ग्यावरून ठरवले, कारण तो दुगुन (दुप्पट लय) सुरू करण्याआधी एक लांब मींड (घसरता स्वर) घेतो. त्याच मींडेसाठी डग्ग्यावरचा ९० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे कापणारा फिल्टर) मी काढून टाकला. सवयीने लावला गेला होता आणि ती मींड तळाशी पोहोचण्याआधीच कापत होता.

हार्मोनियम मात्र अजून त्रास देते. तिचे उपस्वर आवाजाच्या संपूर्ण पट्ट्यात पसरलेले असल्यामुळे खाली घेतली तर आधार जातो आणि वर घेतली तर शब्द बुडतात. रॅपमध्ये मी आवाजाच्या साइडचेनने, म्हणजे आवाज आला की आपोआप, मागचे संगीत दाबले असते. येथे ते योग्य होईल का? आणि मागे म्हणणाऱ्यांचा एकच माइक आहे, त्यांना डावी-उजवीकडे पसरवण्यासाठी ट्रॅकची प्रत काढून थोडी सरकवावी का, हेही सांगावे.

इतवारीकर

साइडचेनने संपूर्ण हार्मोनियम दाबू नका. पेटी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होईल आणि भात्याच्या वाद्यात ते फार विचित्र लागते. १ ते ३ किलोहर्ट्झ एवढाच पट्टा आवाजाच्या वेळी २ डेसिबलने खाली जाईल असा डायनॅमिक ईक्यू लावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे पेटी थोडी एका बाजूला पॅन करणे. सभामंडपाच्या जोडीत ती ज्या बाजूला ऐकू येते त्याच बाजूला न्या, नाहीतर पेटी दोन ठिकाणी बसल्यासारखी वाटेल.

मागच्यांच्या ट्रॅकची प्रत काढून सरकवू नका. दोन प्रती १० ते ३० मिलिसेकंदांनी सरकवल्या तर इअरफोनमध्ये रुंदी येते खरी, पण मंडळ ही भजने कोठे वाजवणार आहे याचा विचार करा. गावात ती पेन ड्राइव्हवरून भोंग्यावर लागतील. तेथे डावे-उजवे एकत्र होऊन मोनो होते आणि सरकवलेली प्रत मूळ ट्रॅकशी भिडून आवाज पोकळ होतो. मागच्यांना लागणारी रुंदी सभामंडपाच्या जोडीतच आहे. ध्रुवपद आले की ती जोडी १-२ डेसिबलने वर घ्या. माणसे वाढल्यासारखी वाटतील. रिव्हर्बही (घुमाराही) त्याच जोडीतून मिळतो, वेगळा लावण्याची गरज बहुधा पडणार नाही.

संत्राबर्फी

आणि अंतिम पातळी? रॅपची गाणी उणे ८ एलयूएफएसच्या (गाण्याच्या एकूण प्रबलतेचे माप) आसपास असतात असे ऐकले आहे. भजनही तितकेच मोठे करायचे का?

कोराडी_मार्ग

करू नये. स्पॉटिफाय सामान्य मांडणीत सर्व गाणी उणे १४ एलयूएफएसच्या जवळ आणते, म्हणजे उणे ८ पर्यंत नेलेले गाणे तेथे पुन्हा खालीच उतरवले जाईल आणि लिमिटरने (शिखरे रोखणाऱ्या साधनाने) चेपलेल्या थापा मात्र परत येणार नाहीत. भजनात पहिल्या कडव्यापासून शेवटच्या गजरापर्यंत जी चढ आहे, ती लिमिटरच्या पहिल्याच दाबात सपाट होते. उणे १४ ते उणे १६ मध्ये, शिखर उणे १ डेसिबलवर रोखून ठेवावे असे माझे मत आहे.

मेटलवाला_प्रतापनगर

सहमत, फक्त भोंग्याच्या प्रतीसाठी एक अपवाद सुचवतो. भोंग्याला तळ नसतो आणि वरची टोकेही फारशी नसतात. मधला पट्टाच काय तो ऐकू येतो, आणि समोर वाहने, माणसे, जनरेटर असतात. तेथे पहिले कडवे गजरापेक्षा फार खाली राहिले तर ते कोणालाच ऐकू जाणार नाही. त्या प्रतीत सुरुवातीची कडवी फेडरने ३-४ डेसिबल वर घ्यावीत. लिमिटर तेवढाच ठेवावा.

अंबाझरी (धागाकर्ता)

तर मग दोन प्रती करतो. एक ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी, उणे १५ च्या जवळ, सभामंडपाची जोडी पूर्ण रुंद ठेवून. दुसरी मोनो, पेन ड्राइव्हसाठी, पहिली कडवी वर घेतलेली आणि डग्ग्याचा तळ १२० हर्ट्झच्या खाली उतरवून मींडेचा वरचा भाग थोडा उचललेला, म्हणजे भोंग्यावरही ती ओळखू येईल. हार्मोनियम सभामंडपाच्या जोडीत उजवीकडे ऐकू येते, ती तिकडेच साधारण एक तृतीयांश नेली आहे आणि डायनॅमिक ईक्यूची गरज आता दोनच भजनांत उरली आहे.

मोनो प्रत तपासताना एक गोष्ट दिसली ती विचारतो. डावे-उजवे एकत्र केले की मागच्यांचा आवाज किंचित कमी होतो, बुवांचा होत नाही. ही सभामंडपाच्या जोडीतली अडचण समजायची का?

इतवारीकर

होय. बुवा दोन्ही माइकांपासून सारख्या अंतरावर असणार, म्हणून त्यांचा आवाज एकत्र केल्यावर टिकतो. मागचे एका बाजूला बसलेले असतील तर त्यांचा आवाज दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि एकत्र करताना काही भाग कापला जातो. मोनो प्रतीत जोडीतला एकच माइक ठेवा, मागच्यांच्या बाजूचा, आणि त्यांचा स्वतंत्र ट्रॅक १ डेसिबलने वर घ्या.